पाड्याचा रस्ता कोणाच्या वहीत?

पाड्यावरच्या कोणत्याही बैठकीत ‘तुमची पहिली गरज कोणती?’ असे विचारून पाहा. पाणी, शाळा, दवाखाना ही नावे येतातच, पण फार वेळ न लागता बोलणे रस्त्यावर येऊन थांबते. कारण उघड आहे. पाण्याची पाइपलाइन टाकायची तर पाइप रस्त्याने येणार, शाळेचे मास्तर रस्त्याने येणार, रेशनचा ट्रक आणि १०८ ची गाडीही रस्त्यानेच येणार. रस्ता नसेल तर बाळंतीण झोळीतून न्यावी लागते. चार माणसे आळीपाळीने खांदा देतात, ओहोळाला पाणी असेल तर ते उतरेपर्यंत काठावर बसून राहतात. अक्कलकुवा-धडगावपासून मोखाडा-जव्हारपर्यंत आणि धारणीपासून भामरागडपर्यंत हे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे.

पण रस्ता मागायचा कोणाकडे? अनेक पाड्यांचे अर्ज वर्षानुवर्षे फिरत राहतात, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. आमदारांना दिलेले निवेदन तहसीलदारांकडे जाते, तहसीलदार ते ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पुढे पाठवतात, आणि ज्या कार्यालयाकडे ते पोचते ते कळवते की सदर रस्ता आमच्या अखत्यारीत येत नाही. यात कोणी खोटे बोलत नसते. प्रत्येक रस्ता कोणाच्या तरी वहीत नोंदलेला असतो, आणि ज्याच्या वहीत तो आहे त्यालाच त्यावर पैसा खर्च करता येतो. ही वही ओळखता आली तर अर्धी लढाई सोपी होते. म्हणून या अंकात आपल्या भागातील बांधकाम खात्यांची रचना, त्यांचे काम आणि त्यात पाड्याच्या ग्रामसभेचे स्थान समजून घेऊ.

रस्त्यांची उतरंड

देशातील रस्त्यांची वर्गवारी १९४३ च्या नागपूर योजनेने घालून दिली. आजही तीच चौकट थोड्याफार फरकाने चालू आहे. सर्वांत वर राष्ट्रीय महामार्ग. त्याखाली राज्याचे महामार्ग व राज्यमार्ग. मग प्रमुख जिल्हा मार्ग, त्याला कार्यालयात ‘प्रजिमा’ म्हणतात. त्याखाली इतर जिल्हा मार्ग, म्हणजे ‘इजिमा’. आणि सर्वांत खाली ग्रामीण मार्ग, म्हणजे ‘ग्रामा’.

साधारण नियम असा लक्षात ठेवावा : राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग राज्य शासनाच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. गावाच्या आतले रस्ते, गल्ल्या आणि गटारे ग्रामपंचायतीकडे. जंगलातून जाणारे काही रस्ते वन विभागाचे असतात.

म्हणजे तालुक्याच्या गावाहून आपल्या पाड्यापर्यंतच्या वीस किलोमीटरच्या प्रवासात मालक तीनदा-चारदा बदलू शकतो. पहिले बारा किलोमीटर डांबरी आणि बरे, पुढचे पाच किलोमीटर खडी उखडलेले, शेवटचे तीन नुसती बैलगाडीची वाट, असे दिसते तेव्हा त्यामागे बहुधा ही मालकीच असते. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावर किंवा फलकावर ‘प्रजिमा’, ‘इजिमा’, ‘ग्रामा’ आणि पुढे क्रमांक लिहिलेला असतो. तो क्रमांक अर्जात लिहिला, तर अर्ज कोणत्या टेबलावर जाणार हे तेथेच ठरते.

खात्याची ओळख

सार्वजनिक बांधकाम खाते फार जुने आहे. लॉर्ड डलहौसीच्या काळात, १८५४ साली, लष्करी मंडळांकडची बांधकामे काढून घेऊन हे स्वतंत्र खाते उभे राहिले. रस्ते, पूल, कालवे, कचेऱ्या सारे त्याच्याकडे होते. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गावपातळीवरच्या रस्त्यांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तेव्हापासून प्रत्येक जिल्ह्यात बांधकामाची दोन घरे आहेत : एक राज्य शासनाचे, एक जिल्हा परिषदेचे. लोकांच्या बोलण्यात दोन्ही ‘पीडब्ल्यूडी’च असतात, आणि गोंधळाची सुरुवात तेथून होते.

दोन्ही घरांची शिडी मात्र सारखीच आहे. सर्वांत खालच्या पायरीवर कनिष्ठ अभियंता किंवा शाखा अभियंता. आपल्या रस्त्यावर प्रत्यक्ष फिरणारा, मोजमाप घेणारा माणूस हाच. त्याच्यावर उपविभागाचे उपअभियंता, ते तालुक्याच्या ठिकाणी बसतात. त्यांच्यावर विभागाचे कार्यकारी अभियंता. राज्याच्या खात्यात त्यापुढे मंडळाचे अधीक्षक अभियंता आणि प्रादेशिक मुख्य अभियंता असतात. पाड्याच्या कामासाठी शाखा अभियंता आणि उपअभियंता ही दोन दारे सर्वांत महत्त्वाची. मंत्रालयात पाठवलेला अर्जही शेवटी अभिप्रायासाठी त्यांच्याच टेबलावर येतो.

खात्याचे काम रस्त्यांपुरते नाही. शासकीय आश्रमशाळा, वसतिगृहे, ग्रामीण रुग्णालये यांच्या इमारती सार्वजनिक बांधकाम विभाग बांधतो, तर जिल्हा परिषदेच्या शाळा, अंगणवाड्या, प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेचा विभाग बांधतो. आश्रमशाळेचे छत गळत असेल तर मुख्याध्यापकांनी प्रकल्प कार्यालयाला आणि प्रकल्प कार्यालयाने बांधकाम उपविभागाला लेखी कळवणे हा त्याचा मार्ग आहे. पालकांनी मुख्याध्यापकांकडे त्या पत्राची प्रत मागावी. पत्रच गेलेले नसेल तर खात्याच्या दृष्टीने छत गळत नाही.

क्रमांक नसलेली वाट

आता मुख्य अडचणीकडे येऊ. आपल्या अनेक पाड्यांची वाट कोणत्याच वहीत नसते. पिढ्यान्‌पिढ्या लोक चालतात, बैलगाड्या जातात, निवडणुकीत मतदान यंत्रेही त्याच वाटेने येतात. पण जिल्हा परिषदेच्या रस्ते नोंदवहीत तिला क्रमांक नाही. क्रमांक नाही म्हणून अंदाजपत्रक नाही, अंदाजपत्रक नाही म्हणून निधी नाही.

राज्यात वीस-वीस वर्षांच्या रस्ते विकास योजना तयार झाल्या. १९६१-८१, १९८१-२००१ आणि २००१-२०२१ अशा त्या आहेत. गावे, लोकसंख्या, बाजार यांचा हिशेब करून कोणते रस्ते विकसित करायचे याची यादी त्यांत ठरली. महसुली गाव यादीत आले, पण त्याच गावाचा तीन डोंगरांपलीकडचा पाडा अनेकदा राहून गेला. कागदावर ‘गाव रस्त्याने जोडलेले आहे’ असे लिहिले गेले, आणि ते खरेही होते. जोडलेले होते ते मूळ गाव. पाडा तेथून चार किलोमीटर दूर.

म्हणून ज्या पाड्याला रस्ता नाही, तेथे पहिली मागणी डांबराची करू नये. पहिली मागणी ही असावी : ‘अमुक गाव ते अमुक पाडा या वाटेला ग्रामीण मार्गाचा दर्जा व क्रमांक द्यावा.’ त्यासाठी ग्रामसभेचा ठराव, ग्रामपंचायतीचे पत्र, वाटेचा नकाशा, अंदाजे लांबी, पाड्याची घरसंख्या व लोकसंख्या, आणि वाट कोणाच्या जमिनीतून जाते याची माहिती लागते. हा प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे जातो. काम रुक्ष आहे, फोटोत दिसण्यासारखे नाही. पण एकदा क्रमांक पडला की तो पुढच्या प्रत्येक योजनेत उपयोगी पडतो.

जमिनीचाही विचार आधीच करावा. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत भूसंपादनासाठी पैसा नसतो. जागा उपलब्ध असावी लागते. वाट चार शेतांतून जात असेल तर त्या चारही घरांशी बसून बोलणे, बांध किती सरकेल, आंब्या-मोहाचे झाड वाचेल का, हे ठरवणे गावानेच करायचे असते. सर्वांची तयारी असलेला रस्ता लवकर होतो. एका घराची तक्रार राहिली तर मंजूर रस्ताही अडून बसतो.

पैसा कोणत्या वाटेने येतो

बांधकाम कार्यालयात गेल्यावर कानावर काही आकडे पडतात : तीस-चोपन्न, पन्नास-चोपन्न, पंचवीस-पंधरा. ही कोणतीही गुप्त भाषा नाही. ती शासनाच्या हिशेबातील लेखाशीर्षे आहेत. ३०५४ हे रस्ते व पुलांच्या महसुली खर्चाचे, म्हणजे मुख्यतः देखभाल-दुरुस्तीचे शीर्ष. ५०५४ हे त्याच कामांच्या भांडवली खर्चाचे. २५१५ मधून ग्रामविकासाच्या मूलभूत सुविधांची लहान कामे होतात. ‘आमचा रस्ता कोणत्या शीर्षात घेता येईल?’ एवढा एक प्रश्न विचारला तरी समोरचा अधिकारी नेमके बोलू लागतो.

आदिवासी भागासाठी याखेरीज काही खास वाटा आहेत.

पहिली, प्रधानमंत्री ग्राम सडक योजना. ती २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. सपाट भागात ५०० आणि डोंगरी व अनुसूचित भागात २५० लोकसंख्येच्या वस्तीला बारमाही रस्ता द्यायचा, असा तिचा निकष होता. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात २०११ च्या जनगणनेचा आधार घेतला आहे. यात ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की निकष ‘वस्ती’चा आहे. पाड्याची लोकसंख्या वेगळी दाखवली गेली तरच पाडा पात्र ठरतो.

दुसरी, पीएम-जनमन. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेली ही योजना देशातील ७५ अतिमागास आदिवासी समूहांसाठी आहे. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे तीन समूह त्यात येतात. या समूहांच्या १०० लोकसंख्येच्या वस्तीलाही रस्ता मिळू शकतो. गावाबाहेर पडलेल्या कातकरीवाड्यांसाठी ही मोठी संधी आहे.

तिसरी, राज्याची भगवान बिरसा मुंडा जोडरस्ते योजना. आदिवासी पाडे बारमाही रस्त्याने मुख्य रस्त्याला जोडण्यासाठी २०२३ साली मंत्रिमंडळाने ती मान्य केली.

चौथी, ठक्कर बाप्पा आदिवासी वस्ती सुधारणा योजना. आदिवासी विकास विभागाची ही योजना एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयामार्फत चालते. वस्तीतील रस्ते, गटारे, मोऱ्या, समाजमंदिर, पिण्याचे पाणी, दिवाबत्ती अशी कामे तिच्यातून होतात. योजनेला हे नाव किती शोभते हे थोडक्यात सांगायला हवे. अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर (१८६९-१९५१) हे मूळचे अभियंता. पुण्यात शिकून त्यांनी संस्थानांत, पूर्व आफ्रिकेत युगांडा रेल्वेवर, सांगली संस्थानात आणि मुंबई नगरपालिकेत नोकरी केली. मुंबईत सफाई कामगारांच्या वस्त्या जवळून पाहिल्यावर त्यांचे मन नोकरीत रमेना. १९१४ साली ती सोडून ते भारत सेवक समाजात दाखल झाले, आणि १९२२ साली त्यांनी पंचमहालात भिल्ल सेवा मंडळ काढले. रस्ते बांधणारा माणूस रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या माणसांपर्यंत पोचला. आपल्या पाड्यातला प्रत्येक मोरीचा पाइप त्यांच्या नावाच्या योजनेतून येऊ शकतो, हे कार्यकर्त्यांनी विसरू नये.

पाचवी वाट पेसाची. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या पाच टक्के अबंध निधी मिळतो. त्यातून मोठा रस्ता होणार नाही, पण ओहोळावर साकव, चढावर शंभर मीटर काँक्रीट, एखादी मोरी एवढे नक्की होते. अनेकदा अडलेला रस्ता तेवढ्यानेच सुटतो.

वाटेत जंगल आले तर

‘वन विभागाची हरकत आहे’ हे वाक्य ऐकून कित्येक गावे गप्प बसतात. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये यासाठी सरळ वाट दिलेली आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज व दूरसंचार वाहिन्या, पाणीपुरवठा, रस्ते, समाजमंदिर अशा तेरा प्रकारच्या सोयींसाठी वनजमीन वळती करता येते. अटी तीन : प्रत्येक कामासाठी जमीन एक हेक्टरपेक्षा कमी असावी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागू नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस असावी. परवानगी विभागीय किंवा उपवनसंरक्षकांच्या पातळीवर मिळते, त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही.

एक हेक्टर म्हणजे किती? रस्त्यासाठी सहा मीटर रुंदीची पट्टी धरली तर दीड किलोमीटरहून थोडी अधिक लांबी एक हेक्टरच्या आत बसते. पाड्याच्या वाटेतला जंगलाचा तुकडा बहुधा एवढाच असतो. तेव्हा शाखा अभियंत्याबरोबर वनरक्षकालाही वाटेवर चालवत न्यावे, जंगलातून जाणारी लांबी मोजून घ्यावी, झाडे मोजावीत आणि तसा ठराव ग्रामसभेत मांडावा. ठरावात कलमाचा उल्लेख, जमिनीचे क्षेत्र आणि झाडांची संख्या स्पष्ट लिहावी.

मंजुरीपासून मोजमापापर्यंत

‘रस्ता मंजूर झाला’ असे कळले की नारळ फुटतो, आणि दोन वर्षे काही होत नाही. लोक म्हणतात, पैसे खाल्ले. तसे घडतही असेल, पण बहुतेक वेळा काम मधल्या कोणत्या तरी पायरीवर थांबलेले असते. पायऱ्या अशा : आधी अंदाजपत्रक, ते शासनाच्या दरसूचीप्रमाणे तयार होते. मग प्रशासकीय मान्यता, म्हणजे हे काम करायला पैसा देण्याची संमती. मग तांत्रिक मान्यता, म्हणजे आराखडा बरोबर असल्याचा अभियंत्याचा शिक्का. मग निविदा. मग ठेकेदाराला कार्यारंभ आदेश. त्यानंतरच पहिला टिकाव पडतो. ‘काम कुठवर आले?’ असे विचारण्याऐवजी ‘तांत्रिक मान्यता झाली का? कोणत्या तारखेला?’ असे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. तीस दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे.

काम सुरू झाले की जागेवर फलक लागायला हवा. त्यावर कामाचे नाव, लांबी, किंमत, ठेकेदार, काम सुरू व पूर्ण होण्याची तारीख असते. ग्राम सडक योजनेच्या फलकावर पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीची रक्कमही वर्षवार लिहिलेली असते, कारण त्या रस्त्याची पाच वर्षे देखभाल त्याच ठेकेदाराने करायची असते. हा फलक पाड्यातल्या शिकलेल्या मुलामुलींनी वहीत उतरवून ठेवावा. तिसऱ्या वर्षी खड्डे पडले, तर तो कागद हातात असला पाहिजे.

खडीकरण होताना काही गोष्टी कोणालाही पाहता येतात. खडीचा एक थर दबाईनंतर साधारण ७५ मिलिमीटर, म्हणजे तीन इंच असतो. पट्टी लावून तो मोजता येतो. रोलर फिरतो का, पाणी मारले जाते का, मोरीचा पाइप नाल्याच्या तळाशी बसवला की वरच ठेवला, हे शेतकऱ्याच्या डोळ्याला दिसते. ठेकेदाराला पैसे मिळतात ते मोजमाप पुस्तकातील नोंदीवरून, आणि ती नोंद अभियंता घेतो. मोजमापाच्या दिवशी गावचे चार लोक शांतपणे बरोबर चालले, तर मोजणी नीट होते. भांडण करण्याची गरज नसते.

याच कामांत पाड्याचा रोजगारही आहे. लहान कामांचा काही हिस्सा मजूर सहकारी संस्थांसाठी राखीव असतो. आपल्या भागातल्या अशा संस्थांत खरोखर काम करणारे आदिवासी मजूर सभासद आहेत का, हे पाहण्यासारखे आहे.

रस्त्याचा शत्रू पाणी

नवा रस्ता कोण मोडतो? ट्रक मोडतात हे खरे, पण डोंगरी भागात सर्वांत मोठा शत्रू पाणी. जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणून रस्ता मधोमध किंचित उंच आणि दोन्ही कडांना उतरता ठेवतात, डोंगराच्या बाजूने गटार काढतात, आणि गटाराचे पाणी ठरावीक अंतरावर मोरीतून दरीकडे सोडतात. गटार पालापाचोळ्याने आणि दगडांनी भरले की पाणी रस्त्यावर चढते, साइडपट्टी कापते, खडीच्या थराखाली शिरते. डांबर वरून धड दिसते आणि खालून रस्ता पोकळ होतो. एका पावसाळ्यात लाखो रुपयांचे काम जाते, आणि कारण असते दोन घमेली माती.

पूर्वी हे काम मैलकुली करीत. ठरावीक लांबीचा रस्ता त्यांच्याकडे नेमून दिलेला असे. फावडे-घमेले घेऊन ते रोज चालत, गटारे मोकळी करीत, खड्डा लहान असतानाच मुरूम टाकून ठोकून घेत. यांतले कित्येक जण त्याच गावचे, त्याच समाजाचे. १९६७ च्या कालेलकर करारामुळे सलग पाच वर्षे काम केलेल्या रोजंदारी कामगारांना नियमित नोकरीचा आधार मिळाला, आणि सरकारी पगाराचे पहिले घर अनेक गावांत मैलकुलीचेच होते. आता ही पदे फार कमी झाली आहेत. देखभाल ठेक्याने होते, आणि ठेकेदार खड्डा मोठा झाल्यावर येतो. रस्त्यावर रोज चालणारा माणूस गेला, ही पाड्याच्या दृष्टीने मोठी हानी आहे.

ती भरून काढण्याचे काम काही अंशी गावाला करता येईल. खात्याचे काम गावाने फुकट करावे, असे आमचे म्हणणे नाही. मोरी तुंबली, भिंतीला भेग गेली, कडा खचली, हे प्रथम दिसते ते गावाला. ते तारीख घालून, फोटो काढून, शाखा अभियंत्याला लेखी कळवणे हे गावाचे काम. ग्राम सडक योजनेच्या रस्त्यासाठी ‘मेरी सडक’ या ॲपवरही तक्रार करता येते.

पावसाळ्याचे चार महिने

भामरागडला पर्लकोटा नदी चढली की तालुका तुटतो, हे गडचिरोलीतल्या मुलालाही ठाऊक आहे. लहान ओहोळांची नावे कोणी छापत नाही, पण त्यांच्याही पलीकडे माणसे अडकतात. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला, आणि त्यानंतर नवसंजीवन योजना आली. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांत आधीच धान्य आणि औषधे पोचवणे हा तिचा भाग आहे. पण कोणती गावे तुटतात ही यादी बरोबर असेल तरच धान्य बरोबर जागी पोचते. आपला पाडा त्या यादीत आहे का, हे मे महिन्यात तहसील कार्यालयात पाहून घ्यावे.

दुसरी यादी आशाताईंकडे असते : जून ते सप्टेंबरमध्ये बाळंत होणाऱ्या बायांची. ही यादी आणि तुटणाऱ्या रस्त्यांची यादी शेजारी ठेवून पाहावी. ज्यांच्या वाटेत पूर येणारा ओहोळ आहे, त्यांना तारखेच्या आधीच आरोग्य केंद्राच्या माहेरघरात नेण्याची तयारी करता येते. रस्ता व्हायला तीन वर्षे लागतील. या पावसाळ्यात जन्मणारे मूल तेवढे थांबणार नाही. दरड कोसळली किंवा फरशी पूल वाहून गेला, तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक पाड्यातल्या प्रत्येक भिंतीवर खडूने लिहिलेला असावा.

ग्रामसभेची सही

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला दोन अधिकार दिले आहेत. गावपातळीवरची विकासाची योजना पंचायतीने हाती घेण्यापूर्वी ग्रामसभेची मान्यता घ्यावी लागते. आणि पंचायतीने त्या योजनेवर केलेल्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यावे लागते. महाराष्ट्राने २०१४ साली याचे नियम केले, आणि त्यांनुसार पाडाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊ शकतो. म्हणजे ज्या वाटेवरून आपण चालतो ती नीट झाली की नाही, हे सांगण्याचा हक्क आपला आहे. सही मागायला कोणी आले तर आधी सगळ्यांनी मिळून त्या रस्त्यावर चालून यावे, मग सभा घ्यावी. ज्या बाया डोक्यावर हंडा आणि कडेवर मूल घेऊन त्या वाटेने जातात, त्यांना सभेत प्रथम बोलू द्यावे.

वर्षाचे काम

आमच्या कार्यकर्त्यांनी आणि गावमित्रांनी पुढील क्रम भिंतीवर लावून ठेवावा :

* एप्रिल-मे : गटारे व मोऱ्या साफ झाल्या का ते पाहणे, नसतील तर लेखी कळवणे. धान्याची व गरोदर बायांची यादी तपासणे.
* जून ते सप्टेंबर : रस्ता कोणत्या दिवशी, कोठे, किती तास बंद होता याची वही ठेवणे. फोटोवर तारीख असावी.
* ऑक्टोबर : २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ही वही वाचून दाखवणे, ठराव करणे, गाव विकास आराखड्यात काम घालणे.
* नोव्हेंबर-डिसेंबर : ठराव घेऊन उपअभियंता आणि प्रकल्प कार्यालयात जाणे, पोच घेणे. पुढच्या वर्षाचा जिल्हा आराखडा याच दिवसांत आकार घेतो.
* जानेवारी ते मार्च : चालू कामांवर फिरणे, फलक उतरवून घेणे, मोजमापाला हजर राहणे. २६ जानेवारीच्या सभेत हिशेब सांगणे.

पावसाळ्यातली ती वही विशेष महत्त्वाची. ‘आमचे फार हाल होतात’ या वाक्यावर अभियंत्याला काही करता येत नाही. ‘गेल्या पावसाळ्यात ओहोळावर रस्ता अकरा वेळा बंद पडला, त्यांपैकी चार वेळा चोवीस तासांहून अधिक’ असे लिहिले, तर त्यावरून तो पुलाचे अंदाजपत्रक करू शकतो. आपले हाल आकड्यांत सांगणे कोणालाच आवडत नाही, पण कार्यालयाला तीच भाषा समजते.

वाचकहो, आपल्यापैकी काही जण बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले आहेत, काही अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत. नकाशा काढणे, लांबी मोजणे, अंदाजपत्रक वाचून समजावणे यासाठी पाड्यांवर दोन दिवस देता आले, तर ती फार मोलाची मदत ठरेल. देणगीइतकीच आम्हांला अशा हातांची गरज आहे. येत्या ऑक्टोबरच्या ग्रामसभांपूर्वी ज्या पाड्यांच्या वाटेला अजून क्रमांक नाही, त्यांची यादी आम्ही करीत आहोत. आपल्या माहितीत असा पाडा असेल तर गावाचे नाव, पाड्याचे नाव, घरसंख्या आणि मूळ गावापासूनचे अंतर एवढे लिहून आपल्या भागातील कार्यकर्त्याकडे द्यावे.